जुन्या आठशेचा तिसरा प्लग अर्ध्यात अडकलाय, हेडचे आटे न घालवता कसा काढू?

सिडकोचा_आठशे (शनिवार, रात्री ९:४०)
मंडळी मदत पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. वडील रोज सकाळी चोक ओढून गाडी काढतात, पवननगरच्या बाजारातून भाजी आणतात आणि परत, जाऊन येऊन दोन किलोमीटर पण होत नसेल. आठवडाभर झाला गाडी थरथरतेय, तीनातल्या दोनच सिलिंडरवर चालल्यासारखी, म्हणून म्हटलं प्लगच बदलून टाकू, त्यात काय अवघड आहे. दुकानातून तीन नवीन आणले.

पहिले दोन सहज निघाले. तिसऱ्याला पाना लावला, कट्ट झालं, सैल पडला, मनात म्हटलं झालं काम. अर्धा फेरा हलका फिरला आणि मग घट्ट होत गेला. सुटायच्या ऐवजी घट्ट! जरा जोर लावला तर चिर्रर्र असा आवाज आला, फळ्यावर खडू उलटा घासल्यासारखा, अंगावर काटा आला आणि थांबलो. वडील शेजारी खुर्ची टाकून बसलेत आणि दर पाच मिनिटांनी "मी म्हणत होतो गॅरेजला ने" चालू आहे. सोमवारी आईला नाशिकरोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. काय करू? जोर लावू का नको?

तर्री_जास्त (९:५२)
पान्याला चार फुटी पाइप घाल आणि लटक. प्लग नाहीतर तू, दोघांपैकी एक नक्की सुटणार.

देवळालीकर (९:५८)
वरच्याचं ऐकू नका, त्याने गेल्या वर्षी स्वतःच्या गाडीचा ऑइल ड्रेन बोल्ट असाच गोल करून ठेवलाय, इथेच धागा आहे त्याचा. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, रात्रभर राहू दे. हेड, म्हणजे इंजिनाचा प्लग बसतो तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढायचा नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

पंचवटी_गॅरेज (१०:०५)
उलट सांगताय भाऊ. अडकलेला प्लग आम्ही गरमवरच काढतो, थंडवर मोडतो. २२ वर्षं हेच करतोय.

सिडकोचा_आठशे (१०:०८)
झालं, आता मी कोणाचं ऐकू? घरात एका डबीत डब्ल्यूडी-४० आहे, तो मारून ठेवलाय तोपर्यंत.

ओझरकर_फिटर (१०:३१)
बाळा, आधी पाना खाली ठेव आणि चहा घे. मी एचएएलमधून, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालोय, हातातून प्लग कमी आणि बाकीचे आटे जास्त गेले असतील, पण ॲल्युमिनियममधलं स्टील हा विषय आमचा रोजचाच.

तू एक गोष्ट फार बरोबर लिहिलीस आणि तिथेच रोगाचं नाव आहे. प्लग सुरुवातीपासून दगडासारखा घट्ट असता तर मी म्हटलं असतं की कोणीतरी जोर लावून आवळलाय किंवा गंज धरलाय. पण तुझा आधी सुटला आणि मग घट्ट झाला. म्हणजे वरची बैठक मोकळी झाली, अडचण खालच्या टोकाला आहे. एकतर टोकाच्या आट्यांवर कार्बन बसलाय आणि तो हेडच्या आट्यात ओढला जातोय, नाहीतर हेडचं ॲल्युमिनियम उकरलं जाऊन प्लगच्या आट्यात गोळा होतंय. चोक ओढून दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत माझा संशय पहिल्यावर. दोन्हीवर उपाय मात्र एकच, पुढे ओढायचं नाही. जो चिर्रर्र आवाज आला तो ॲल्युमिनियमचा होता, तिथून पुढे अजून पाव फेरा जोर केला असतास तर आटे प्लगबरोबर स्प्रिंगसारखे बाहेर आले असते.

आता लगेच करायचं काम: प्लग परत आत फिरव. हो, आत. जिथून सुटला तिथपर्यंत हलक्या हाताने बसव. आत जाताना सहज गेला तर आटे अजून शाबूत आहेत.

सिडकोचा_आठशे (१०:४४)
काका, गेला आत! पाना नुसता मुठीत धरून गेला, आडवी दांडी लागलीच नाही. हुश्श.

ओझरकर_फिटर (१०:५०)
छान. निम्मा जीव वाचला.

आता तेलाचं. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण तो मुळात ओल हटवायला बनवलेला माल आहे. नावच त्याचं ते आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न जमला म्हणून ४०. १९५३ सालचं प्रकरण, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. आट्यात शिरून बसायला खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, हार्डवेअरवाल्याकडे "गंज सोडवायचा स्प्रे" म्हण, देईल. आज नसेल तर आहे तेच चालव. मात्र मारायच्या आधी प्लगच्या भोवतीची माती साफ कर, फुंकर मार, ब्रश फिरव, सायकलचा पंप असेल तर उत्तम. नाहीतर प्लग निघताना ती सगळी माती सिलिंडरमध्ये.

तर्री_जास्त (१०:५५)
पावसाळ्यात आमच्या व्हॅनच्या प्लगपाशी एवढं पाणी साचलं होतं की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं असतं. तेव्हा फुंकर मारली, सगळं माझ्याच तोंडावर.

अंबड_टूलरूम (११:१२)
काका म्हणतात त्याला अनुमोदन. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, आटे खराब करून आणणारी गिऱ्हाइकं आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "थोडाच जोर लावला होता ताई".

आमच्याकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन अर्धं अर्धं मिसळून वापरतात, कुठल्याही डबीपेक्षा आत शिरतं. पण तुम्ही वापरू नका. ॲसिटोन लगेच पेटतं, वर तुमची कार्बोरेटरची गाडी, पेट्रोलचा वास असतोच. आणि कोणी गॅसच्या ब्लोटॉर्चने हेड गरम करायला सांगितलं तर त्याला गेटबाहेर काढा. आणखी एक, पाना कुठला वापरताय? बारा कोनी गोटी (पान्याची नटावर बसणारी वाटी) असेल तर बदला, सहा कोनी २१ मिमीची घ्या. बारा कोनी गोटी प्लगचे कोपरे खाते.

सिडकोचा_आठशे (११:२०)
डिकीतला जुना नळीवाला प्लग पाना होता ताई, टॉमी घालून. डुगडुगतो जरा.

अंबड_टूलरूम (११:२३)
मग तो डिकीतच राहू दे. डुगडुगला की तिरका जोर जातो आणि वरचं पोर्सिलेन तुटतं. तुटलेला तुकडा आत पडला तर मग सोमवार विसराच. शेजारपाजारी गोटी सेट मागा, एक्स्टेंशनला डाव्या हाताने वरून दाबून सरळ धरा, उजव्या हाताने फिरवा.

देवळालीकर (११:३०)
पण गरम का थंड ते राहिलंच. मी चुकीचं बोललो का ते तरी कळू द्या.

ओझरकर_फिटर (११:४८)
चूक नाही, तुमचं आणि पंचवटीवाल्यांचं दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोन वेगळ्या आजारांना.

धडधाकट प्लग बदलायचा तर इंजिन थंडच पाहिजे. गरम ॲल्युमिनियम मऊ, आटे लवकर सोलतात आणि बोटंही भाजतात. अडकलेल्या प्लगला मात्र थोडी ऊब फायद्याची, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एक मीटर लांबीला एका डिग्रीमागे ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं आणि स्टील १२. आता प्लगचा आटा १४ मिमी व्यासाचा, ५० डिग्री वाढवली तर भोक प्लगपेक्षा कितीने मोठं होईल? हिशोब केला तर ८ मायक्रॉन पण नाही. केसाची जाडी ७० धरा. एवढ्याने प्लग काही टुणकन उडी मारून बाहेर येत नाही, पण चिकटलेला थर तडकायला आणि तेल आत ओढलं जायला पुरतं. म्हणून इंजिन कोमट हवं. हेडवर तळहात ठेवून सावकाश पाच आकडे मोजता आले पाहिजेत, चटका बसून हात मागे आला तर अजून थांब.

तर उद्या असं कर. तिसरा तर आत बसलेलाच आहे, बाकीचे दोन घाल, आवळायचे हलकेच. सांडलेलं तेल फडक्याने पुसून घे. गाडी पाचच मिनिटं जागेवर चालव, थोडा धूर येईल, घाबरू नको. बंद कर, बॅटरीची वायर काढ, अर्धा तास थांब. मग तेल मार आणि खेळवायला सुरू कर. सोडताना एक अष्टमांश फेरा, म्हणजे घड्याळाच्या काट्याने दीड तासाचं अंतर, बस. लगेच तेवढंच परत आत. परत थोडं जास्त बाहेर, परत आत. प्रत्येक चार-पाच वेळेला दोन थेंब तेल. चिरचिर ऐकू आली की आत फिरवायचं, तिथे हट्ट नाही. आत फिरवलं की खरवडलेला कार्बन आट्यातून सुटतो आणि तेलात मिसळतो, नाहीतर तोच पाचरीसारखा बसतो. दोन तास लागतील असं धरून चाल.

बोलेरो_इगतपुरी (रविवार, सकाळी ७:१५)
चांगला धागा, वाचतोय. पेट्रोलवाले तुम्ही नशीबवान. डिझेलच्या ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारा प्लग) अजून नाजूक असतं, बोटापेक्षा बारीक, साधारण ८ मिमी आट्याचा २० न्यूटन मीटरच्या आसपास तुटतो आणि टोक आत राहिलं की हेड उतरवा. कसारा घाट रोज चढउतार असतो म्हणून मी दर दुसऱ्या सर्व्हिसला नुसता सोडून परत बसवतो, अडकायला वेळच देत नाही.

पंचवटी_गॅरेज (७:४०)
काका सांगतात ते सगळं खरं, पण आमची पण बाजू सांगतो. गिऱ्हाईक सकाळी गाडी टाकतो आणि म्हणतो अकराला पाहिजे. त्याला मी म्हटलं दोन तास एक प्लग खेळवतो तर तो म्हणेल येडा झालाय का. मग पोरगा पाइप लावतो. आटे गेले तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) मारून देतो, ते पण काम चांगलंच होतं, फक्त बिल वाढतं.

अंबड_टूलरूम (७:५८)
हेलिकॉइल बसवून देणं सोपंय दादा, पण भोक मोठं करताना निघालेला कीस आत पडतो त्याचं काय? आम्ही तर हेड उतरवून आणा असंच सांगतो. जागेवरच करायचं तर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांमध्ये ग्रीस भरायचं, कीस त्याला चिकटतो, दर अर्ध्या फेऱ्याला टॅप बाहेर काढून पुसायचा, परत ग्रीस. ही कष्टाची कामं कोणी करत नाही म्हणून मग इंजिन रिंगा खातं.

सिडकोचा_आठशे (दुपारी १२:५०)
निघाला!!!

सविस्तर लिहितो, हात काळे आहेत, शुद्धलेखन माफ करा. शेजारच्या काकांकडून गोटी सेट आणला, २१ ची सहा कोनी. नऊ वाजता काकांनी सांगितलं तसं गाडी पाच मिनिटं चालवली, एवढा पांढरा धूर आला की वरच्या मजल्यावरून "काय जळतंय" विचारणा झाली. साडेनऊला हात ठेवून बघितला, तीनलाच मागे आला. पावणेदहाला पाच मोजता आले.

पहिले दहा मिनिटं काहीच वाटलं नाही, म्हणजे हलतोय पण पुढे जात नाही. थोडं बाहेर, चिर्र, परत आत. मी मोजत होतो, चाळीस वेळा झाल्यावर मोजणं सोडलं. मग एक फेरा पूर्ण झाला. गंमत म्हणजे दुसऱ्या फेऱ्यानंतर प्लगच्या बुडाशी तेलाचा रंग बदलला, आधी पारदर्शक होतं ते शाईसारखं काळं वर यायला लागलं आणि त्यात बारीक कच, पाट्यावर मसाला वाटताना खडा यावा तशी. फडक्याने टिपलं, परत तेल. वडील खुर्ची पुढे सरकवून टॉर्च धरून बसले, "आता आत... आता बाहेर..." हे त्यांचं काम झालं. मध्येच मला दमल्यासारखं झालं आणि मी जरा जास्त ओढलं तर त्यांनीच हात धरला.

आठव्या-नवव्या फेऱ्यानंतर अचानक हलका झाला आणि मग बोटाने फिरला. पट्टी लावून मोजलं, आटा १९ मिमी लांब, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, म्हणजे पंधरा फेरे. बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर.

तर्री_जास्त (१२:५५)
अभिनंदन! मिसळ तुझ्याकडून. पार्टी नाही दिलीस तर प्लग परत बसवू.

ओझरकर_फिटर (दुपारी १:३०)
शाब्बास. वडिलांना पण सांग. आता घाई करून नवीन घालू नको. आधी जुना नीट बघून सांग, टोकाचे आटे कसे दिसतात, आणि मधे चांदीसारखं काही चिकटलंय का.

सिडकोचा_आठशे (१:४१)
एका जागी नखाएवढी चांदीसारखी चकती चिकटलीय, पातळ, सुईने उचलली गेली. बाकी आटे स्वच्छ आहेत, फक्त अगदी टोकाचा एक आटा कोळशासारखा काळा आणि खडबडीत. एकच आटा. वरचे सगळे चकचकीत.

ओझरकर_फिटर (१:४९)
एकच आटा? बरं. ते डोक्यात ठेव, त्याच्यावर येऊ.

चकती तुझ्या हेडचं ॲल्युमिनियम आहे, पण नखाएवढंच असेल तर मोठं नुकसान नाही. आटे साफ करायला टॅप मारू नको, नवा टॅप धातू कापतो आणि आधीच नाजूक झालेला आटा अजून पातळ करतो. जुन्या पहिल्या दोघांतला एक प्लग घे, हॅकसॉने त्याच्या आट्यांना आडव्या येतील अशा उभ्या तीन-चार खाचा पाड, कानसीने कडा मोड, खाचांत ग्रीस भर आणि हाताने, फक्त हाताने, भोकात फिरव. दोन फेरे आत, बाहेर काढ, पूस, परत ग्रीस. मग कॉइलची वायर काढून, तिन्ही भोकं उघडी ठेवून, पाच सेकंद स्टार्टर मार, राहिलेली कचकच उडून जाईल. तोंड लांब ठेव.

देवळालीकर (१:५५)
नवीन घालताना आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावावं का? म्हणजे पुन्हा अडकणार नाही.

पंचवटी_गॅरेज (२:०५)
आम्ही लावतो.

अंबड_टूलरूम (२:१०)
आम्ही नाही. नवीन प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, आणि एनजीकेसारखे प्लग बनवणारे स्वतःच सांगतात की वर काही लावू नका. कारण वंगण लावलं की तोच पाना, तोच जोर, पण प्लग त्याच जोरात जास्त खोल खेचला जातो. मग पुढच्या वर्षी हाच धागा परत.

ओझरकर_फिटर (२:२२)
ताईंशी सहमत. आवळायचं माप: हाताने पूर्ण बसव, वॉशर टेकला की नवीन वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन मीटरच्या आसपास. नसेल तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी टांगल्याएवढा जोर. तुमच्यापैकी बहुतेक जण याच्या दुप्पट लावता, हे मी न बघता सांगतो.

आता त्या एका काळ्या आट्याकडे. तो आटा हेडच्या आत नव्हता, ज्वाळेत उघडा होता, म्हणून त्याच्यावरच कार्बन बसला. म्हणजे तुझा प्लग असायला हवा त्यापेक्षा एक आटा खोल बसला होता. प्लगचा पिच १.२५, दाबलेला वॉशर दीड मिमीच्या आसपास. त्या जुन्या तिसऱ्या प्लगला वॉशर आहे का बघ.

सिडकोचा_आठशे (२:३०)
काका!! नाहीये. वॉशरच नाहीये. मी तर लक्षच नाही दिलं. मागच्या दिवाळीत गाडी एका ठिकाणी सर्व्हिसला दिली होती, तेव्हा "प्लग साफ केले" म्हणून बिलात लिहिलं होतं. म्हणजे तेव्हा पडला आणि तसाच घातला?

पंचवटी_गॅरेज (२:३४)
होतं असं कधी कधी. तिन्ही प्लग वायर ब्रशला लावले की वॉशर गळून ट्रेमध्ये पडतात, मग पोरगा चाचपून कुठला तरी घालतो.

ओझरकर_फिटर (२:३६)
मग मला बाकीच्या दोघांचे वॉशर मोजून सांग.

सिडकोचा_आठशे (२:४५)
दोन नंबरला एक.

एक नंबरला जाड वाटत होता. ब्लेड घालून बघितलं. दोन आहेत. एकमेकांना चिकटलेले.

तर्री_जास्त (२:४६)
😂😂 शेजाऱ्याकडे सापडला.

ओझरकर_फिटर (२:५८)
म्हणजे एक नंबरचा प्लग इतके महिने एक आटा उंच बसला होता. तिथे उलटं झालं असणार, हेडच्या शेवटच्या आट्यातच कार्बन भरला असेल. नवीन प्लग तिथे हाताने घालून बघ, पाना नको. वॉशर टेकायच्या आधी अडला तर तिथेच थांब आणि मला सांग.

सिडकोचा_आठशे (३:१०)
अडला. बरोबर एक फेरा राहिलाय. काढला परत, खाचा पाडलेल्या प्लगमध्ये ग्रीस भरतोय. वडिलांनी टॉर्च घेतलाय.